बोलोन्याच्या स्टेशनावरचे घड्याळ

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या रेल्वे स्टेशनावर, बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. त्यात कायम 10 वाजून 25 मिनिटे झालेली असतात. 2023 च्या जूनमध्ये मी त्याच्याखाली उभी राहून जिची वाट पाहत होते, ती 2008-09 मध्ये दहा महिने पुण्यात आमच्या घरी राहिली होती. तेव्हा आम्ही दोघी सोळा वर्षांच्या होतो. एकच खोली, एकच कपाट, आणि कपाटावरून रोजची भांडणे.

कागदोपत्री मी तिची ‘होस्ट सिस्टर’. अम्मीने तो शब्द पहिल्याच दिवशी बाद केला. म्हणाली, “बहीण म्हणजे बहीण. त्यात होस्ट काय?”

ती ज्या संस्थेमार्फत आली, त्या एएफएसचा म्हणजे ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’चा जन्म शाळेत झालेला नाही, लढाईत झाला. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती तेव्हा पियाट अँड्र्यू यांनी फ्रान्समध्ये स्वयंसेवकांचे हे रुग्णवाहिका पथक उभे केले. फोर्डच्या हलक्या गाड्यांतून तरुण मुले आघाडीवरचे जखमी फ्रेंच सैनिक उचलून आणीत. दुसऱ्या महायुद्धात पथक पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते, पण त्यांचे चालक तेव्हा भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही होते. युद्ध संपल्यावर स्टीफन गॅलाटी आणि हे जुने चालक एकत्र बसले. जखमी वाहून नेण्यापेक्षा माणसे जखमीच होऊ नयेत यासाठी काही करता येईल का, असा त्यांचा विचार होता. 1947 मध्ये दहा देशांतले 52 विद्यार्थी अमेरिकेत आले. वसतिगृहात ठेवायचे नाही, कुटुंबात ठेवायचे, आणि यजमानांनी पैसे घ्यायचे नाहीत, ही या योजनेची खरी मेख. पाहुणा म्हटला की चार दिवस गोड बोलता येते. दहा महिने मात्र त्याच्या हातात झाडू द्यावाच लागतो. इटलीतली शाखा 1955 पासून काम करते आहे, आणि आज ती ‘इंटरकुल्तुरा’ नावाने ओळखली जाते.

आमच्याकडेही झाडू दिला गेला. रमजानमध्ये तिने हट्टाने तीन रोजे ठेवले. चौथ्या दिवशी कॉलेजातून येताना वडापाव खाऊन आली आणि अम्मीसमोर कबूल करून रडली. अम्मी हसत सुटली.

नोव्हेंबरच्या 26 तारखेला मुंबईवर हल्ला झाला. तीन रात्री आम्ही टीव्हीसमोरून हललो नाही. सीएसटीवर मेलेल्यांत आपलीही माणसे होती. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाने हल्लेखोरांना जागा द्यायचे नाकारले. 9 डिसेंबरच्या बकरी ईदला अब्बा दंडाला काळी फीत बांधून नमाजला गेले. पण बोलोन्याला काय दिसत होते? आपली सोळा वर्षांची मुलगी पुण्यात एका मुसलमान घरात. तिच्या नातेवाइकांनी आईला सांगितले, पोरीला ताबडतोब परत बोलव. आईचा फोन आला तो अब्बांनी घेतला. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “मुलगी तुमची आहे, तुम्ही ठरवाल तसे. इथे ती माझी आहे, एवढेच सांगतो.” मुलगी राहिली. अब्बांच्या त्या एका वाक्याने ती राहिली, असे आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षे सांगितले जाई. मीही तेच सांगत असे.

घड्याळाखाली ती आली. आधी इंग्रजी, मग रडणे, मग एकदम मराठी: “अगं, किती बारीक झालीस!” पुण्याचा हेल अजून तस्साच.

घरी तिच्या आईला मी अब्बांच्या वाक्याची आठवण दिली. त्या थोडे थांबून म्हणाल्या, “तुझे वडील भले गृहस्थ. पण माझा निर्णय फोन करण्याआधीच झाला होता.” मग त्यांनी घड्याळाबद्दल सांगितले. 2 ऑगस्ट 1980 रोजी सकाळी 10.25 ला त्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला. 85 माणसे मेली, दोनशेवर जखमी झाली. शिक्षा झालेले लोक त्यांच्याच देशातले, नवफॅसिस्ट. “त्या दिवसानंतर मी शेजाऱ्यांना घाबरू लागले नाही. मग तुम्हाला का घाबरावे? पण आवाज ऐकायचा होता, म्हणून फोन केला.”

अब्बांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते जरा हिरमुसले, खोटे कशाला सांगू.

अम्मी 2021 मध्ये गेली. मधली सहा-सात वर्षे आमचा दोघींचा पत्रव्यवहार माझ्याच आळसाने तुटला होता, त्यामुळे ही बातमी मी तिला वर्षभर उशिरा कळवली. त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. उठली आणि कपाटातून एक घडी पडलेला कागद घेऊन आली. 2009 मध्ये तिला निरोप देताना अम्मीने माझ्याकडून लिहून घेतलेली, तिच्या आईसाठीची चिठ्ठी. मराठीत. मुलीला बोलता येई, देवनागरी अक्षरे मात्र लागत नसत, आणि तिथे वाचून दाखवणारे कोणी नव्हते.

“वाच,” ती म्हणाली. मी वाचू लागले, ती आईला इटालियनमध्ये सांगू लागली. पोरीला चहात साखर कमी लागते. थंडीत तिचे ओठ फुटतात, तूप लावावे. केस फार गळतात, ओले असताना विंचरू देऊ नका. आणि तिची हिरवी ओढणी इथेच राहिली आहे, कोणी येणार असेल त्याच्या हाती पाठवते.

ओढणी माझ्या बॅगेत होती.