पुनरुद्भवी मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन व सहरुग्णांचा आधार

मुखकर्करोगावरील पहिले उपचार पूर्ण झाल्यानंतर तोच रोग त्याच जागी, त्या जागेलगत किंवा मानेतील लसिका ग्रंथींमध्ये पुन्हा आढळणे म्हणजे रोगाचा पुनरुद्भव होय. अशा रुग्णावर जी शस्त्रक्रिया केली जाते, तिच्यानंतरच्या पुनर्वसनात जखम भरण्याबरोबरच गिळणे, बोलणे, तोंड उघडणे, खांदा हलवणे आणि बदललेल्या चेहऱ्यासह समाजात वावरणे या गोष्टी नव्याने साध्य कराव्या लागतात. याच रोगातून आधी गेलेल्या व्यक्तींकडून या काळात मिळणाऱ्या सोबतीस व व्यावहारिक मार्गदर्शनास सहरुग्णांचा आधार असे म्हणतात. हा आधार वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. मात्र पुनर्वसनातील जी कामे रुग्णाला घरी, रोज आणि वेदना सोसून करावी लागतात, ती तडीस नेण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

पार्श्वभूमी

भारतीय पुरुषांमध्ये ओठ व मुखाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार देशात दोन्ही लिंगांचे मिळून वर्षाला सुमारे १.४ लाख नवे रुग्ण आढळतात. पाश्चात्त्य देशांत जिभेचा कर्करोग अधिक दिसतो, तर भारतात गालाची आतली बाजू व हिरड्या येथील कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरून ठेवण्याची सवय हे त्याचे प्रमुख कारण होय. महाराष्ट्रात गुटखा, मावा, विदर्भातील खर्रा आणि स्त्रियांमध्ये मशेरी या रूपांत हे व्यसन पसरलेले आहे. तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला २००४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले.

रोग परत येण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. मूळ गाठीच्या काही पेशी मागे राहिल्याने किंवा मानेतील ग्रंथींत आधीच रोग पोहोचलेला असल्याने तो पुन्हा डोके वर काढतो. याखेरीज दीर्घकाळ तंबाखूच्या संपर्कात राहिलेल्या मुखाच्या संपूर्ण अस्तरातच कर्कपूर्व बदल झालेले असू शकतात. ही संकल्पना स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडली. अशा अस्तरात दुसऱ्या ठिकाणी उद्भवणारा रोग हा काटेकोरपणे पाहता पुनरुद्भव नसून दुसरा स्वतंत्र कर्करोग असतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दोहोंचा अर्थ एकच होतो: पुन्हा शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

पुनरुद्भवावर शस्त्रक्रिया शक्य असेल, तर रोग समूळ काढण्याचा तोच सामान्यतः सर्वोत्तम मार्ग मानला जातो. पहिल्या उपचारानंतर बराच काळ रोगमुक्त गेला असेल आणि परत आलेली गाठ लहान असेल, तर निष्पत्ती अधिक चांगली असते. प्रमुख धमनीला वेढा पडला असल्यास किंवा रोग कवटीच्या तळाशी पसरला असल्यास शस्त्रक्रिया बहुधा टाळली जाते व रसायनोपचार, प्रतिकारशक्ती-उपचार किंवा परिहार सेवा यांचा विचार होतो.

गालाच्या किंवा हिरडीच्या रोगात जबड्याचा भाग, गालाचे अस्तर, प्रसंगी बाहेरची त्वचा आणि मानेतील ग्रंथी एकत्रितपणे काढाव्या लागतात. रुग्णालयांच्या बोलीत ही शस्त्रक्रिया ‘कमांडो ऑपरेशन’ या नावाने ओळखली जाते. काढलेल्या भागाच्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातील ऊती बसवतात. पायातील पोटरीच्या बारीक हाडापासून जबडा घडवणे, तसेच मनगटाजवळील त्वचेने गाल किंवा जीभ सांधणे या पद्धतींत सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मानेतील योग्य रक्तवाहिन्या पूर्वीच्या शस्त्रक्रियेत वा किरणोपचारात निकामी झालेल्या असू शकतात. अशा वेळी स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये वर्णिलेली, छातीच्या स्नायूसह त्वचा वर वळवून आणण्याची पद्धत उपयोगी पडते. पूर्वी किरणोपचार झालेल्या ऊतींना रक्तपुरवठा कमी असल्याने जखम उशिरा भरते, लाळ मानेच्या जखमेतून झिरपू शकते आणि जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका राहतो.

रुग्णालयातील काळ

पहिल्या दोन-तीन दिवसांत बसवलेल्या ऊतीचा रंग, उष्णता व रक्तप्रवाह वारंवार तपासला जातो. सूज उतरेपर्यंत गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी ठेवलेली असू शकते. त्या अवधीत रुग्णाला बोलता येत नाही. पाटी-पेन्सिल, वही किंवा मोबाइलवर लिहून संवाद साधावा लागतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी तहान, वेदना, शौच, कफ अशा गरजांची चित्रे असलेला तक्ता आधीच तयार ठेवणे इष्ट असते. अन्न नाकातून घातलेल्या राईल्स ट्यूबमधून दिले जाते. घरी गेल्यावरही काही आठवडे हीच पद्धत चालू राहू शकते, त्यामुळे पातळ आहार गाळणे, नळी धुणे आणि आहार देताना रुग्णास बसते ठेवणे या गोष्टी नातेवाइकांना शिकवल्या जातात.

कार्यात्मक पुनर्वसन

तोंड उघडणे ही अनेक भारतीय रुग्णांच्या पुनर्वसनातील सर्वांत चिवट अडचण आहे. वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधील अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी राहिल्यास त्यास तोंड आखडणे मानले जाते. सुपारीमुळे होणाऱ्या अधःश्लेष्मल तंतुमयतेत तोंड मुळातच कमी उघडत असते. शस्त्रक्रियेतील व्रण आणि किरणोपचाराने येणारा ताठरपणा त्यात भर घालतो. यावरील व्यायाम साधा असतो, पण कंटाळवाणा आणि दुखरा असतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून त्यांची चळत दातांमध्ये सरकवायची, ताण काही क्षण धरून ठेवायचा आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची, असा क्रम दिवसातून अनेक वेळा, महिनोन् महिने चालवावा लागतो. व्यायाम सोडल्यास मिळालेले अंतर पुन्हा घटते.

गिळण्याचा सराव वाक्-उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरू होतो. अन्न श्वासमार्गात जात नाही याची खात्री पटल्यावर घट्टसर पेज, नाचणीचे सत्त्व, गाळलेले वरण, मग मऊ भात अशी चढती पायरी असते. अगदी पातळ पाणी हे दाट पदार्थापेक्षा सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. काही रुग्णांना पाण्यानेच अधिक ठसका लागतो. नव्याने बसवलेल्या त्वचेला संवेदना नसते, त्यामुळे गरम चहाने भाजल्याचे कळत नाही आणि गालाच्या खोबणीत अन्न साचून राहते. छातीची त्वचा वापरलेल्या पुरुषांच्या तोंडात केसही वाढू शकतात. ही बाब वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ असली, तरी आधी न सांगितल्यास रुग्ण हादरून जातो.

मानेतील ग्रंथी काढताना खांद्याच्या स्नायूची मज्जातंतू दुखावल्यास हात वर उचलणे अवघड होते. त्यासाठी भौतिकोपचार लवकर सुरू करणे श्रेयस्कर असते. दात काढण्यापूर्वी किरणोपचाराची माहिती दंतवैद्याला देणे आवश्यक असते. मानेवर किरणोपचार झालेल्यांची अवटु ग्रंथी मंदावू शकते, म्हणून तिची रक्ततपासणी ठरावीक अंतराने केली जाते.

मानसिक परिणाम

पहिल्या वेळी रुग्णाला काय होणार हे ठाऊक नसते. दुसऱ्या वेळी ते पुरते ठाऊक असते. नळी, लाळ, किरणोपचारातील तोंडाचे फोड हे सारे त्याने अनुभवलेले असते आणि ‘एकदा केले तरी परत आलेच’ ही भावना त्यात मिसळते. व्यसन सुटले नसल्यास अपराधीपण, आणि सोडूनही रोग परतल्यास अन्यायाची जाणीव प्रबळ होते. चेहऱ्यातील बदल झाकता येत नाही. पंगतीत बसणे, दूरध्वनीवर बोलणे, आरशात पाहणे टाळले जाते. डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे प्रमाण इतर अनेक कर्करोगांच्या तुलनेत अधिक आढळले आहे; त्यामुळे सततची निराशा, जेवण नाकारणे किंवा जगण्याबद्दलची विरक्ती दिसल्यास मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला तातडीने घ्यावा लागतो.

मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. १९२३ मध्ये त्यांच्या टाळू व वरच्या जबड्याच्या रोगाचे निदान झाले. पुढील सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि तोंड व नाक यांमधील पोकळी बंद करणारा कृत्रिम जबडा त्यांना वापरावा लागला. त्यांचे बोलणे अस्पष्ट झाले. १९३० चे ग्योटे पारितोषिक त्यांच्या वतीने कन्या ॲना यांनी स्वीकारले. सिगार त्यांनी सोडली नाही.

सहरुग्णांच्या आधाराचा विकास

संघटित सहरुग्ण आधाराची परंपरा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आली. स्वरयंत्र काढलेल्या व्यक्तींच्या मंडळांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी टेरीस लॅसर यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात जाऊन स्त्रियांना भेटण्याचा उपक्रम न्यूयॉर्कमध्ये सुरू केला. मुख व डोके-मान कर्करोगासाठी स्वतंत्र संस्था बऱ्याच उशिरा आली: मुखकर्करोगातून बऱ्या झालेल्या नॅन्सी ल्युपोल्ड यांनी ती १९९१ मध्ये स्थापन केली. या विलंबामागे रोगाचे स्वरूपही असावे. ज्यांचे बोलणेच बाधित झाले आहे, त्यांनी एकत्र येऊन बोलावे अशी अपेक्षा या आधारात असते.

आधाराचे स्वरूप व उपयोग

आधार एकास-एक भेटीतून, गटाच्या बैठकीतून किंवा दूरध्वनी व संदेशांद्वारे दिला जातो. मुखकर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वीची भेट विशेष मोलाची ठरते, कारण ‘जबडा काढल्यावर माणूस कसा दिसतो’ या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रापेक्षा समोर बसून चहा पिणारी व्यक्ती अधिक चांगले देते. अनुभवी सहरुग्ण सांगतो ते बहुधा बारीकसारीक असते: लाळेसाठी गडद रंगाचा नॅपकिन ठेवावा, लग्नाला जाण्यापूर्वी घरी जेवून निघावे, काड्यांचा व्यायाम अंघोळीनंतर सोपा जातो. डॉक्टरांच्या सूचनापत्रात या गोष्टी क्वचितच असतात. तंबाखू सोडण्याच्या बाबतीतही स्वतः व्यसनी राहिलेल्याचा शब्द वेगळ्या वजनाने ऐकला जातो. तोंडात नवा व्रण दिसल्यावर भीतीपोटी तो लपवण्याऐवजी तपासणीची तारीख अलीकडे घ्यावी, हा आग्रह तर सहरुग्णाने धरण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

पुनरुद्भव झालेल्या रुग्णाचे गटातील स्थान मात्र नाजूक असते. इतर सदस्यांना त्याच्यात स्वतःच्या भीतीचे मूर्त रूप दिसते. काही जण नकळत त्याला टाळतात, तर तो स्वतःही ‘आपल्यामुळे बाकीचे खचतील’ म्हणून येणे बंद करतो. ज्या वेळी आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी तो असा तुटतो. त्यामुळे अशा रुग्णाची गाठ शक्यतो दुसऱ्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या व्यक्तीशीच घालून देणे योग्य ठरते.

मर्यादा

सहरुग्णांच्या आधाराने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. डेव्हिड स्पीगेल व सहकाऱ्यांच्या १९८९ मधील अभ्यासात गटोपचार घेतलेल्या, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्याचे आढळल्याने मोठी आशा निर्माण झाली होती. २००१ मध्ये पामेला गुडविन व सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही; वेदना व मानसिक त्रास मात्र कमी झाला, विशेषतः ज्या आरंभी अधिक त्रस्त होत्या त्यांचा. हे दोन्ही अभ्यास तज्ज्ञांनी चालवलेल्या गटांचे होते आणि मुखकर्करोगाचे नव्हते, ही बाबही ध्यानात घ्यावी लागते.

स्वतःचा अनुभव सर्वांना लागू करणे हा सहरुग्णांचा नेहमीचा दोष असतो. एकाला तीन आठवड्यांत गिळता आले म्हणून दुसऱ्याला येईलच असे नाही. काढे व हमखास गुण देणारी ‘औषधे’ यांची शिफारसही अशाच ओळखींतून पसरते. आधार देणाऱ्यावरही ताण येतो. सोबतीचा रुग्ण दगावल्यास त्याची स्वतःची धास्ती जागी होते, म्हणून स्वयंसेवकांना प्रशिक्षण व विश्रांती देणे अगत्याचे असते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे या उपचारांचे देशातील प्रमुख केंद्र आहे. शहरातील इंडियन कॅन्सर सोसायटी ही संस्था १९५१ पासून, तर कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून कार्यरत आहे. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी स्थापन केलेले व्ही केअर फाउंडेशन रुग्णांना भावनिक आधार व माहिती पुरवते.

तथापि बाहेरगावच्या गरीब रुग्णाला मिळणारा आधार बहुतांशी संस्थांच्या चौकटीबाहेरचा असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी आठवडेच्या आठवडे एकत्र राहणारी कुटुंबे नळीतून आहार कसा द्यावा, रेल्वेची सवलत व महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे कोठे मिळतात, हे एकमेकांकडूनच शिकतात. गावी परतल्यावर हा शेजार संपतो. पुनर्वसनाचा अवघड भाग तर तेव्हाच सुरू होतो. व्यायाम व तपासण्या सुटण्याचा धोकाही त्याच काळात वाढतो.

मुखकर्करोगातून गेलेल्यांनी व्यसनविरोधी कार्यातही भाग घेतला आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद पंकज चतुर्वेदी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’ या मोहिमेत रुग्णांनी लोकप्रतिनिधींसमोर आपले अनुभव मांडले. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. २००४ मध्ये मुखकर्करोगाचे निदान झालेले ज्येष्ठ नेते शरद पवार यांनीही या सवयीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे.