टांग्याला जात होती, एसटीच्या तिकिटाला नाही

एसटीचा इतिहास १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून सांगतात. आपल्यासाठी तो त्याआधी सुरू होतो.

१९०१ च्या सुमारास मसूर स्टेशनवर उतरलेल्या छोट्या भीमाला आणि त्याच्या भाऊ-भाच्यांना जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. एक तयार झाला तो दुप्पट भाडे घेऊन. शिवाय अट अशी की बैल मुलांनी हाकायचे, तो सोबत चालणार. १९२९ मध्ये चाळीसगावात तेच. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. तरी टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. नवख्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

म्हणजे वाहन खासगी मालकाचे, आणि प्रवास त्याच्या मर्जीवर.

एसटीने हे नाते बदलले. कंडक्टर आडनाव विचारत नाही, गाव विचारतो. पैसे दिले की बाकावर हक्क. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने सार्वजनिक वाहनात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले. एसटीने जात संपवली असे कोणी म्हणू नये; गाडीतून उतरले की गावकुस होतेच. पण तालुक्याचे कॉलेज, कोर्ट, दवाखाना आणि सहा डिसेंबरची चैत्यभूमी या लाल गाडीनेच आपल्या वस्त्यांच्या आवाक्यात आणली.

एसटीचे ब्रीद आहे 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. हे तथागतांचे शब्द आहेत. पहिल्या साठ भिक्खूंना त्यांनी याच हेतूने चारिकेला पाठवले आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नका असे बजावले. कारण जिथे कोणी जात नाही, तिथेही पोहोचायचे होते. तोट्यातली मुक्कामी गाडी नेमके हेच काम करते.

आज तोट्याचे कारण देऊन फेऱ्या बंद होतात, भाडेतत्त्वावर खासगी गाड्या येतात. त्या गाडीवर चालक ठेकेदाराचा असतो. महामंडळाच्या भरतीत आरक्षण आहे, ठेकेदाराच्या भरतीत नाही. २०२१-२२ चा कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप केवळ पगाराचा नव्हता. शासनात विलीनीकरण ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या वेळी आपल्यातले किती जण आगारासमोर उभे राहिले?

मित्रांनो, गावची फेरी बंद झाली की पहिली शाळा सुटते ती आपल्या वस्तीतल्या मुलीची. आपल्या गावात कोणत्या फेऱ्या बंद झाल्या त्याची यादी करा, ग्रामसभेत ठराव घ्या, आगारप्रमुखांना निवेदन द्या. प्रवास पुन्हा मालकाच्या मर्जीवर जाऊ द्यायचा नाही.

जय भीम!