थकव्याचा पुरावा

आजचा विषय थकव्याच्या निदानाचा इतिहास. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं यावर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण ‘हे दुखणं खरं कशावरून?’ हा प्रश्न वैद्यकाइतकाच प्रमाणशास्त्राचाही आहे.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून ती नाही, हे आपल्याला कळतं. पण त्याला एक अट आहे. घागर असती तर दिसली असती, एवढा उजेड तिथं हवा. अंधारात ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ असं म्हणता येत नाही. वैद्यक ही अट कशी विसरतं, याचं आधी दूरचं उदाहरण घेतो, मग आपल्या घरी येतो.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. तिथली पॉली मरे ही गृहिणी कित्येक वर्षं डॉक्टरांकडे खेटे घालत होती. तुमचं दुखणं मनाचं आहे, असं तिला ऐकावं लागलं. परिसरातल्या मुलांचेही सांधे सुजू लागले, तेव्हा 1975 साली तपास सुरू झाला. 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीतला जंतू जगापुढे मांडला. आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला, तेही हेच साल.

जंतू सापडला, पण पेच सुटला नाही. रक्ततपासणीत जंतू दिसत नाही, प्रतिपिंडं दिसतात. सुरुवातीला ती तयार झालेली नसतात आणि रोग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षं राहू शकतात. उपचारानंतरही काहींना थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा उरतो. नेमकी हीच लक्षणं दीर्घ थकव्याच्या विकारातही असतात. त्या विकाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव 1988 साली मिळालं, पण त्याची खात्रीची प्रयोगशाळा-तपासणी आजही नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात 1955 साली अशाच दुखण्याची साथ आली होती. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न भेटता, जुनी कागदपत्रं वाचून, तिला सामूहिक उन्माद ठरवलं!

उलटी चूकही होते बरं का. प्रत्येक थकव्याला ‘जुनाट लाइम’ म्हणायचं आणि महिनोन्महिने प्रतिजैविकं द्यायची. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत या लांबलेल्या औषधांचा फायदा दिसला नाही. म्हणजे रुग्णाचा त्रास खरा, पण त्याला दिलेलं नाव चुकीचं, असंही असू शकतं.

आता आपल्याकडे या. इथं थकवा आला की हिवताप, रक्तक्षय किंवा नुसती ‘कमजोरी’ म्हणायचं, नि सलाईन लावून घ्यायचं. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली 2023 मध्ये. मधली पासष्ट वर्षं मोजा. त्यातही विद्राव्यता चाचणी ‘आहे’ एवढंच सांगते. माणूस निव्वळ वाहक आहे की रुग्ण, हे कळायला पुढची तपासणी लागते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. ते निष्कर्ष 1989 साली आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. रोग नव्हते असं नाही, दिवाच कुणी लावला नव्हता.

शेवटी माझी कबुली. माझ्या वर्गात जंगलभागातून आलेला एक मुलगा होता. महिन्यातून आठ-आठ दिवस गैरहजर राहायचा. विचारलं की म्हणे, “आंग ठणकते जी सर, उठवत नाही.” मी भर वर्गात त्याला आळशी म्हटलं. त्याच तासाला मी फळ्यावर अनुपलब्धी शिकवत होतो. पुढं कळलं, त्याला सिकलसेल होता. तोवर त्यानं कॉलेज सोडलं होतं.

त्याच्या आजाराचं नाव मला ठाऊक नव्हतं, हे क्षम्य आहे. पण ‘उठवत नाही’ हे त्याचं शब्दप्रमाण माझ्यापुढे होतं, आणि ते मी मानलं नाही. निदान डॉक्टर करतील. त्याआधी समोरच्याचं ऐकून घेणं मात्र आपलं काम आहे.