आईवरच गेली आहे!

आमच्या घरात चोरून कादंबरी वाचता येत नाही. नववं पान उलटतोय तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, दळण आणायचं राहिलंय ना?" भिंतीपलीकडचं दिसतं कसं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "आईकडून आलंय ते आमच्यात!" आलंय खरं. माझी मेहुणी तर फोनवरच्या नुसत्या 'हॅलो'वरून ओळखते, "भाऊजी, पुन्हा भजी खाल्लीत?"

म्हणूनच ॲलिस हॉफमन या अमेरिकन बाईंची 'प्रॅक्टिकल मॅजिक' (१९९५) मला मुळीच परकी वाटली नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात ओवेन्स घराणं राहतं. बायकांच्या अंगात पिढीजात विद्या! सॅली आणि जिलियन या पोरक्या बहिणी घरातल्या दोन म्हाताऱ्यांपाशी वाढतात. गाव त्यांना दिवसा नावं ठेवतं आणि अंधार पडला की प्रेमाचा तोडगा मागायला मागच्या दारानं येतं. पुढे जिलियनचा आडदांड मित्र मरतो. दोघी बहिणी त्याला परसात पुरतात, तर तिथली लायलॅकची झाडं अशी बेफाम वाढतात की बघणाऱ्याला शंका यावी! त्यात एक सरकारी तपासनीस दारात हजर. त्या दिवशी दळण राहिलंच.

पण मला इतिहासाची खोड. याच घराण्याची मूळ स्त्री मारिया, तिची गोष्ट हॉफमनबाईंनी २०२० साली लिहिली. तीत सेलम गाव येतं. म्हणून खऱ्या सेलमची हकिकत काढून बसलो, तर तिथंही बहिणी निघाल्या. दोन नव्हे, तीन.

रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस. १६९२ साली तिघींवर चेटूक केल्याचा आळ आला. पुरावा काय, तर यांची पिशाच्चरूपं आम्हाला छळतात, असं काही मुली म्हणाल्या. शिवाय एक भक्कम मुद्दा होताच : यांच्या आईबद्दलही गावात तशीच कुजबुज होती! रिबेका एकाहत्तर वर्षांची, कानानं अधू. पंचांनी आधी तिला निर्दोष ठरवलं होतं. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावलं. मग एक प्रश्न तिला नीट ऐकू आला नाही, तिचं उत्तर आलं नाही आणि निकाल फिरला. १९ जुलैला तिला फाशी दिलं. मेरीनं अर्जात स्वतःचा जीव मागितला नाही. पुढे आणखी निरपराधांचं रक्त सांडू नका, एवढंच मागितलं. २२ सप्टेंबरला तीही गेली. सारा तेवढी सुटली. त्या वर्षी फासावर गेलेली माणसं एकोणीस.

आरोप करणाऱ्यांतली ॲन पटनम तेव्हा बारा वर्षांची होती. १७०६ साली तिनं चर्चमध्ये सर्वांसमोर माफी मागितली, आणि तीत रिबेकाचा व तिच्या दोन बहिणींचा खास उल्लेख केला. चौदा वर्षं उशिरा.

कादंबरीत ज्या वारशाला आपण टाळी देतो, त्याच वारशावर गावानं दोघींना लटकवलं होतं. वाक्य तेच : आईवर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं. सवयीनं "शेवटी आईवरच गेलीस!" असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. कारण गॅस बारीक करायला तिनं मलाच सांगितलं होतं, आणि मी शेवटचं प्रकरण पुन्हा वाचत होतो.