वलूरकाची सनद आणि इंद्रायणीची संमती

कार्ल्याचे लेणे पाहायला म्हणून कार्ल्याला जाणारे लोक थोडेच. बहुतेकजण एकवीरेच्या दर्शनाला जातात आणि देवीचा प्रसाद हाती पडल्यावर, आता आलोच आहोत तर, म्हणून शेजारच्या चैत्यगृहात डोकावतात. यात वावगे काही नाही. मीही लहानपणी आईचा पदर धरून असाच तेथे प्रथम गेलो. १२४ फूट लांबीचे ते दगडी दालन, ती स्तंभांची रांग आणि छताला बसवलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या पाहून माझी जी बोबडी वळली, ती आजही पुरती सुटली आहे असे म्हणवत नाही. पुढे इतिहासाचा नाद लागला आणि मग कळले, की ज्या दर्शनी भिंतीला पाठ टेकून आम्ही मुले खोबऱ्याचा तुकडा चघळत बसत होतो, त्या भिंतीवर चक्क एक सरकारी कागद आहे. तो दगडावर कोरलेला आहे, इतकाच काय तो फरक!

गेल्या आश्विनात पुन्हा तेथे जाण्याचा योग आला. मुक्काम कार्ल्यातच, एका जुन्या मित्राच्या मुलाकडे होता. त्याने राहत्या घराला लागून बारा खोल्या बांधल्या आहेत आणि मुंबई-पुण्याहून हवा खायला येणाऱ्या मंडळींची तो तेथे सोय करतो. सकाळी तो माझ्याबरोबर वर आला. मी त्याला त्या कोरीव अक्षरांचा अर्थ सांगू लागलो. तो सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून वाचकांनाही सांगतो.

त्या काळी या डोंगराचे नाव वलूरक. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे एक गाव येथे वर्षाकाळ काढणाऱ्या भिक्षूंना दान दिले. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. राज्य बदलले की आधीच्या राजाची दाने राहतील की जातील, ही धास्ती तेव्हाही असणारच. परंतु नव्या राजाने मामालच्या अमात्याला आज्ञा पाठवली, की हे गाव भिक्षूंकडेच राहू द्यावे. हे मामाल म्हणजेच आपले मावळ. आज्ञा देणाऱ्या राजाचे नाव दगडावरून झिजून गेले आहे. तो गौतमीपुत्र सातकर्णी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी हे लेख छापून प्रसिद्ध केले.

खरी मौज आहे ती सवलतींच्या यादीत. कार्ल्याला काही अक्षरे गेलेली आहेत. पण नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची अशीच आज्ञा आहे आणि तिच्या आधाराने येथला मजकूर लावता येतो. या गावात राजपुरुषांनी शिरू नये. कोणी त्याला हात लावू नये. मिठासाठी तेथे खोदू नये. जिल्ह्याच्या अंमलदाराने तेथल्या कारभारात ढवळाढवळ करू नये. थोडक्यात म्हणजे, सरकारने आपल्याच माणसांना घातलेली ही बंदी होती.

हे ऐकून आमचे यजमान मोठ्याने हसले. म्हणाले, "काका, या राजाचा पत्ता द्या की मला! असला एक हुकूम माझ्या नावाने निघाला असता, तर दोन वर्षांची वणवण वाचली असती."

त्याची हकीकत अशी. खोल्या बांधायला काढल्या तेव्हा कोणीतरी त्याला सांगितले, की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. हा गडी घाबरला. ना धुराडे, ना भट्टी, ना रसायन. मग प्रदूषण कसले? तो एका सल्लागाराकडे गेला. त्या गृहस्थाने बड्या हॉटेलाला लागतील तेवढे कागद मागितले, प्रत्येक कागदामागे पैसे घेतले आणि 'साहेब बघतो म्हणालेत' या एका वाक्यावर त्याला महिनोन् महिने झुलवत ठेवले. मागाहून कळले, की वीस खोल्यांपर्यंतचे बिनबॉयलरचे हॉटेल त्या वेळच्या यादीत हिरव्या वर्गात होते आणि त्याची वाट पुष्कळच सोपी होती. वाट सोपी होती. ती दिसत नव्हती, आणि न दिसणाऱ्या वाटेवरच वाटाड्याला बरकत येते.

उतरताना माझ्या मनात त्याचे ते वाक्य घोळत राहिले. सरकारने कोणाच्याही दारात शिरू नये हे चांगले, की शिरावे हे चांगले? आणि मुळात उद्योगधंद्याने सरकारची संमती घ्यायची ही रीत आली कोठून?

हिचा एक धागा विलायतेत सापडतो. सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने आसपासची झाडे आणि पिके जळू लागली, तेव्हा १८६३ साली तेथे अल्कली कायदा झाला. त्यातली ९५ टक्के वाफ कारखान्यातच अडवली पाहिजे असे त्याने ठरवले आणि पाहणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ नावाचा रसायनज्ञ नेमला. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांच्या धुरासाठी १९१२ साली कायदा झाला. पण हे दोन्ही कायदे धुराडे उभे राहिल्यानंतर बोलणारे. आधी विचारा आणि मग बांधा, हे तत्त्व आपल्याकडे खऱ्या अर्थाने पाण्याच्या कायद्याने आणले.

या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. राज्याने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने राज्यांनी तो ठरावाने स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने तो १९८१ साली स्वीकारला. त्याच वर्षी हवेचा कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला एका रात्रीत हजारो माणसे मेली आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला. १९९४ साली मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांची आधी तपासणी सक्तीची झाली. २००६ साली ती नव्याने बांधली गेली आणि तिचा बराचसा भाग राज्यपातळीवरच्या प्राधिकरणांकडे आला. एकेका आपत्तीनंतर, एकेका जागृतीनंतर एकेक कागद वाढत गेला. वाढवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण जुना कागद काढून नवा ठेवावा, हे मात्र कोणाला सुचले नाही.

१९७४ च्या कायद्यात एक कलम मोठे गमतीचे आहे. पूर्ण अर्ज केल्यापासून चार महिन्यांत मंडळाने होय किंवा नाही काहीच सांगितले नाही, तर संमती मिळाली असे धरावे. मौन हे संमतीचे लक्षण, हे आपण लग्नाच्या बोलणीत ऐकत आलो. ते संसदेने कारखान्यालाही लागू केले! हेतू असा, की कचेरीच्या आळसाची शिक्षा अर्जदाराला होऊ नये. परंतु 'पूर्ण' या एका शब्दात सारी मेख आहे. एक कागद कमी असल्याचे पत्र निघाले, की अर्ज अपुरा ठरला.

हा गुंता सोडवण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत झाले, आणि त्यांतले काही खरोखर शहाणपणाचे आहेत. २०१६ साली उद्योगांची विभागणी प्रदूषणाच्या गुणांकावर झाली: लाल ६०, नारिंगी ८३, हिरवे ६३ आणि अगदी निरुपद्रवी असे ३६ प्रकारचे उद्योग पांढरे. पांढऱ्यांनी नुसते कळवायचे, एवढेच. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने त्यांना संमतीतून रीतसर मोकळे केले आणि २०२५ साली गुणांकांची मांडणी पुन्हा बदलून एक निळा वर्गही जोडला. अर्ज संगणकावरून जाऊ लागले. सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क राज्याने २०१५ च्या कायद्याने दिला. साऱ्या परवानग्यांसाठी एकच खिडकी असावी म्हणून 'मैत्री' नावाची यंत्रणा उभी राहिली आणि २०२३ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. किरकोळ चुकांसाठी तुरुंगाऐवजी दंड, असा बदल २०२३ आणि २०२४ च्या केंद्रीय कायद्यांनी केला.

मात्र गाठ सोडवणे निराळे आणि दोरी तोडणे निराळे. २००० साली राज्याने नदी-नियमनाचे धोरण आखले होते. नदीपासून किती अंतरावर कोणत्या वर्गाचा कारखाना चालेल, हे त्यात ठरवलेले होते. उद्योगांना जागेची अडचण होते आणि प्रदूषण आवरायला इतर कायदे आहेतच, अशी भूमिका घेऊन २०१५ च्या फेब्रुवारीत ते रद्द झाले. पुढे २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले, तेव्हा त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले. कोणत्याही राज्याहून अधिक. एकामुळेच दुसरे झाले असे मी म्हणणार नाही. शहरांचे सांडपाणी हे त्याचे फार मोठे कारण आहे, आणि ते कारखान्याच्या संमतिपत्रात मावत नाही. पण आपण कोणत्या नद्यांच्या काठी बसून कागद कमी करीत आहोत, हे तरी ठाऊक असावे.

मग काय, तपासण्या वाढवाव्यात? शेजारच्या गुजरातेत यावर दोन उद्बोधक प्रयोग झाले. एकात काही कारखान्यांच्या तपासण्या दुप्पट केल्या. सरासरी प्रदूषण फारसे हलले नाही. याचे कारण असे, की सर्वांत वाईट कारखाने कोणते हे अधिकाऱ्यांना आधीच ठाऊक असे आणि ते तेथे जातच होते. दुसऱ्यात लेखापरीक्षकांचा कित्ता बदलला. एरवी कारखाना स्वतःच आपला पर्यावरण-परीक्षक निवडी आणि त्याला पैसे देई. मग आकडे नेमके मर्यादेच्या किंचित खाली येत. परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, पैसे एका सामाईक निधीतून दिले आणि त्यांच्या कामाची फेरतपासणी ठेवली, तेव्हा आकडे खरे येऊ लागले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या मंडळानेही २०१७ च्या जूनमध्ये उद्योगांच्या धुराची प्रतवारी एक ते पाच ताऱ्यांत लोकांपुढे मांडायला आरंभ केला. सांगायचा मुद्दा हा, की दारातला कागद कमी केला तरी चालते. पण मागाहून पाहणारा डोळा खरा हवा, आणि ज्याच्याकडे पाहायचे त्याचा तो मिंधा नसावा.

संध्याकाळी आम्ही दोघे इंद्रायणीवर गेलो. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते, कार्ल्यावरून कामशेतकडे जाते, पुढे देहू, मग आळंदी, आणि शेवटी तुळापूरला भीमेला मिळते. वर ती अजून नदी दिसते. गेल्या काही वर्षांत आळंदीच्या घाटावरचा पांढरा फेस मात्र आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत पाहिला आहे. दिवाळी आटोपली, की कार्तिक वद्यात ज्ञानोबांच्या समाधीचा सोहळा येतो. दूरदूरचे वारकरी त्या पाण्यात उतरतात आणि ओंजळभर तोंडातही घेतात.

तेथे उभे असताना सकाळच्या प्रश्नाचे उत्तर मला सुचले असे वाटले. मी त्याला म्हणालो, "अरे, त्या राजाने अंमलदाराला गावाबाहेर ठेवले, कारण तो धान्य नेणार, मीठ खोदणार, वेठीला धरणार. त्या गावातून खाली वाहून जाईल असे त्या भिक्षूंजवळ होतेच काय? तुझ्या बारा खोल्यांचे पाणी मात्र खाली जाते."

तो म्हणाला, "पण काका, मी टाकी बांधली आहे. शोषखड्डाही आहे. नदीत थेंब सोडत नाही."

"मग तुला भीती कसली?"

"टाकीची नव्हती हो काका. कागदाची होती."

या उत्तराने मी निरुत्तर झालो. त्याचे बरोबर होते. ज्याने टाकी बांधली त्याला कागदाची भीती वाटावी, आणि ज्याने बांधली नाही त्याला सल्लागार मिळाला की कागदाची भीती राहू नये, हीच या व्यवस्थेची खरी व्यथा आहे.

कायद्याने या कागदाला परवाना म्हटले नाही, संमती म्हटले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. परवाना मालक देतो. संमती तो देतो, ज्याचे काही जाणार आहे. नदीत काही सोडण्याची संमती खरी कोणी द्यायची? देहूच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बाईने, आळंदीच्या वारकऱ्याने, तुळापूरपर्यंतच्या शेतकऱ्याने. ते सारे एका कचेरीत येऊन सही करू शकत नाहीत, म्हणून मंडळ त्यांच्या वतीने ती करते. त्यांच्या कामाचा नसलेला प्रत्येक कागद खुशाल फेकून द्यावा. मी टाळ्या वाजवीन. त्यांच्या कामाचा असलेला एकही कागद फेकायचा, तर तो त्यांना विचारल्यावाचून फेकू नये. आणि त्यांचे मौन हीच त्यांची संमती, असे तर कोणी कधीच धरू नये.

अंधार पडला. वर डोंगरात एकवीरेच्या देवळाचे दिवे दिसू लागले. परतताना तो म्हणाला, "काका, तो राजाचा हुकूम मराठीत लिहून द्या मला. ओसरीवर लावतो."

मी म्हटले, "देतो. पण त्याच्या शेजारी तुझे संमतिपत्रही लाव."

दुसऱ्या दिवशी निघताना पाहिले, तर संमतिपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागले होते. शेजारी एक खिळा मारून जागा मोकळी ठेवली होती. हा लेख छापून आला, की राजाचा हुकूम त्याला पाठवायचा आहे.