झाले किती, राहिले किती

बाभुळगावकडच्या म्हाताऱ्यांना लेकरं किती असं विचारलं, की उत्तर दोन आकड्यांत येतं. आमची आजी म्हणायची, "सात झाले, चार राहिले." जमाखर्च सांगावा तसं. गेलेल्या तिघांतला एक आठव्या दिवशी आखडून गेला. सटवीनं नेला, असं घरात सगळे म्हणत. नाळ विळ्यानं कापलेली, वर राख दाबलेली. तो धनुर्वात होता हे आमच्या घराला फार उशिरा उमगलं.

सुईणीला मात्र आजी कुणाला नावं ठेवू देत नसे. बेंबळा नदीला पूर आला की यवतमाळ सोडाच, बाभुळगावही तुटायचं. अशा रात्री कंदील घेऊन येणारी तीच. पोटावर हात फिरवून मूल आडवं की पायाळू, ते सांगायची. बारा दिवस बाळंतिणीला शेक, बाळाला तेल, आणि बदल्यात पायलीभर ज्वारी न् चोळीचा खण. एवढं करूनही घरात तिचा कप वेगळा. बाळाला पहिला हात तिचा चाले, तिच्या हातचं पाणी चालत नसे. आजी हे सहज सांगून जायची. मला तेच जास्त बोचायचं.

१९७७ नंतर सरकारनं दायांना शिकवायला घेतलं: हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ, सगळं स्वच्छ. पोटुशीला धनुर्वाताची सुई मिळू लागली. २०१५ मध्ये देशातून नवजातांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, तेव्हा आजीच्या त्या लेकराची आठवण काढणारं घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

दवाखाना असून बायका जात का नसत? "सारे पुरुष डाक्टर. लुगडं कोनापुढं सोडाचं?" आजीचा हा सवाल कोणत्याच फॉर्मात बसला नसता. २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, त्याच काळात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, आली. ती गावचीच सून. राज्यात २००५-०६ मध्ये शंभरातली ६५ च्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये ९५ च्या घरात. पैशानं काम केलंच, पण रात्री गाडीत सोबत बसायला ओळखीची बाई असणं, हे मला मोठं वाटतं. तरी घोळ राहिलेच: नाव नोंदवायचं सासरी, बाळंत व्हायचं माहेरी, आणि कार्ड ट्रंकेत.

चुलतवहिनीच्या बाळंतपणाच्या वेळी आजी म्हणाली, "चीक पिळून फेकून दे." आशाताई ओसरीवरून उठलीच नाही. "आजी, पहिली लस हाय ते." दोघींचं चांगलंच जुंपलं. बाळ शेवटी चीक प्यायलं.

२०२१ च्या जूनमध्ये राज्यभरातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. कागदावर त्या स्वयंसेविका; पगार नाही, मोबदला बराचसा जेवढं काम तेवढा. वहिनीनं हे समजावून सांगितलं, तशी आजी म्हणाली, "मंग सुईणीत न् तिच्यात फरक काय झाला? तिले पायली तं वेळेवर भेटत होती."