कुत्र्याचं नाक आणि दोरी धरणारा हात

कापसाचा हंगाम सुरू झाला, की आमच्या हिंगणघाटात जिनिंगच्या फाटकाजवळ हवेतसुद्धा रुईचे तंतू तरंगत असतात. 1980च्या आसपासची गोष्ट. मी शाळकरी होतो. एका जिनिंगच्या कचेरीचं कुलूप फोडून चोरी झाली आणि दुसऱ्या दिवशी बाहेरगावाहून पोलिसांचं कुत्रं आलं. ते पाहायला अर्धं गाव लोटलं. आमच्या घरात कुत्र्याला उंबरठ्याच्या आत जागा नव्हती, त्यामुळे जीपमधून उतरणारा तो उंच, काळा डॉबरमन मी डोळे विस्फारून पाहत होतो. कचेरीमागे पडलेला बारदान्याचा तुकडा त्याला हुंगवला. हमालांना रांगेत उभं केलं. कुत्रं दोनदा रांगेवरून फिरलं आणि आमच्या शेजारच्या चाचांसमोर थांबून भुंकलं.

चाचा चार दिवसांनी सुटले. महिन्याभरानं माल भलत्याच माणसाकडे सापडला. पण ‘कुत्र्यानं धरलेला’ हे बिरूद काही त्यांना सोडेना. चाचा दहा वर्षं त्याच बारदान्याची पोती पाठीवर वाहत होते, त्या तुकड्याला त्यांच्या घामाचा वास असणारच. कुत्र्यानं वास बरोबर ओळखला असेल. त्या वासावरून चोर ठरवला तो माणसांनी.

महाराष्ट्रात पोलिसांच्या कुत्र्यांचा इतिहास तसा जुना आहे. मुंबई पोलिसांचं श्वान पथक 1959 साली तीन डॉबरमनवर सुरू झालं. पुण्यात शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचं प्रशिक्षण केंद्र आहे. याच केंद्रात शिकलेला एक लॅब्रॅडोर पुढे देशभर गाजला. त्याचं नाव झंजीर. 12 मार्च 1993ला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्यानंतर तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटकं त्यानं हुडकली. त्याच्या नावावर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसं जमा आहेत. नोव्हेंबर 2000 मध्ये हाडांच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा त्याला सन्मानानं निरोप देण्यात आला.

झंजीरची बातमी मी चाचांना वाचून दाखवली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘बेटा, उसने पेटी बताई, तो पेटी खोल के देखी ना उन्होंने?’’

पेटी उघडता येते, स्कूटरची डिकी उघडता येते. कुत्रं खरं बोललं की खोटं, ते तिथल्या तिथे कळतं. माणसासमोर भुंकलेल्या कुत्र्याची अशी पडताळणी कशी करायची? हा पेच आपल्या न्यायालयांनाही पडला. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं अशा पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले. कुत्रं पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि माणसाचा जीव व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असू नये, असे ते आक्षेप. न्यायालयानं त्या वेळी नियम घालून दिला नाही. कुत्र्याचा पुरावा बाजूला ठेवूनही इतर पुरावा पुरेसा आहे, म्हणून शिक्षा कायम राहिली. पुढे 2001 आणि 2008च्या निकालांत मात्र स्पष्ट सांगितलं गेलं, की तपासाला कुत्र्याची मदत जरूर घ्या, पण त्याचं हुंगणं हा पुरावा नव्हे.

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. पण चाचांच्या प्रश्नापायी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. कुत्र्याला वास शिकवणं वाटतं तितकं अवघड नाही. ठरावीक वास सापडला की चेंडू मिळतो, एवढं त्याला पटकन उमगतं. अवघड आहे ते नेमका तोच वास शिकवणं. शिकवणारा रोज त्याच हातानं, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना लपवत असेल, तर कुत्रं हाताचा आणि पिशवीचाच वास शिकतं. म्हणून सगळ्या डब्यांना सारखाच हात लागला पाहिजे. काहींत चहा, साबण, चिवडा असं भुलवणारं ठेवलं पाहिजे. नमुने एकाच कपाटात ठेवले तर त्यांचे वास एकमेकांत मिसळतात, तेही टाळायला हवं. आणि लपवणारा वेगळा हवा. दोरी धरणाऱ्याला जागा ठाऊकच नको.

हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. 2011 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कुत्रा आणि त्याचा हस्तक अशा 18 जोड्या एका चर्चच्या इमारतीत फिरवल्या. इथे वास लपवलेला असू शकतो, लाल कागद दिसेल तिथे तो आहे, असं हस्तकांना सांगितलं. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. 144 फेऱ्यांपैकी फक्त 21 फेऱ्या निर्दोष निघाल्या. बाकी प्रत्येक फेरीत ‘सापडलं’ अशी एक तरी नोंद झाली. कुत्री खरोखर थांबली, की माणसांनाच ती थांबल्यासारखी वाटली, हे त्यातून नीट उलगडत नाही. पण चूक दोरीच्या वरच्या टोकाकडून आली, हे नक्की. आमच्या रांगेतही कुत्र्याच्या माणसाच्या कानात आधी कोणी काही पुटपुटलं होतं का, कोण जाणे.

आपल्या विदर्भापुरती आणखी एक अडचण, उन्हाची. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. वैशाखात दुपारी बारा वाजता त्याला झडतीला लावणं म्हणजे माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला सांगण्यासारखं आहे. काम पहाटे करावं, मध्ये सावली आणि पाणी द्यावं.

मागे एका 26 जानेवारीला पुतण्याच्या मुलीला घेऊन परेड पाहायला गेलो होतो. श्वान पथकाच्या कुत्र्यानं सहा बॅगांतली एक नेमकी शोधली आणि टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्या जवानाला विचारलं, ‘‘सगळ्या बॅगा रिकाम्या ठेवून कधी फिरवता का हो याला?’’

तो हसला. ‘‘इथं तसं केलं तर टाळ्या कोण वाजवेल, काका? पण सरावात फिरवतो. काही न दाखवता गुमान परत आलं, तरी त्याला चेंडू देतो.’’